शिसेमुक्त व्हायचंय? आधी स्टोअर उघडा

प्रश्न थोडक्यात असा. अंधेरी एमआयडीसीतल्या एका गाळ्यात छोटं युनिट आहे. एलईडी ड्रायव्हर आणि कंट्रोल कार्डं बनतात, थोडं एसएमटी (कार्डाच्या पृष्ठभागावर जोडायचे पार्ट), बाकी थ्रू-होल (भोकांतून पाय घालून जोडायचे). आजवर माल देशातच जायचा. आता जर्मनीच्या एका ग्राहकाने पहिल्याच मेलमध्ये रोह्सचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक मालातल्या घातक पदार्थांवर मर्यादा घालणाऱ्या युरोपच्या कायद्याचं, डिक्लेरेशन मागितलं आहे. मालक विचारतात: सोल्डर (जोड लावायचा शिशाचा मिश्रधातू) बदलला की काम झालं का? मशिनरीवाला रिफ्लो ओव्हन (एसएमटी पार्ट जोडायची भट्टी) आणि वेव्ह मशीन (वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून कार्ड नेणारं) दोन्ही नवीन घ्या म्हणतो, ते खरंच लागतं का? आणि लाइनवर बसणाऱ्या मुलींच्या तब्येतीला यातून काही फायदा होतो का?

तिसरा प्रश्न फार कमी मालक विचारतात. त्यावर शेवटी नीट लिहितो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. सोल्डर हा या कामाचा सगळ्यांना दिसणारा भाग आहे, म्हणून सगळे तिथेच अडकतात. माल नापास होतो तो बहुतेक वेळा वायर, स्क्रू, स्लीव्ह, प्लास्टिकची कॅप असल्या गोष्टींवरून, ज्या खरेदीच्या टेबलावरून कोणाच्या लक्षात न येता आत येतात. २००१च्या डिसेंबरात सोनीच्या सुमारे १३ लाख प्लेस्टेशन वन खोक्यांची नेदरलँड्समध्ये अडवणूक झाली. गेम कन्सोलच्या सर्किटात काही बिघाड नव्हता. जोडायच्या केबलमध्ये डच नियमापेक्षा जास्त कॅडमियम निघालं होतं. ऐन नाताळच्या तोंडावर तो माल गोदामात अडकला. तेव्हा रोह्स यायचा होता, तरी या घटनेनंतर मोठ्या कंपन्यांनी पुरवठादाराच्याही पुरवठादाराला प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि आज तोच प्रश्न तुमच्या इनबॉक्सपर्यंत पोचला आहे.

आता कायदा काय सांगतो ते बघू. युरोपचा रोह्स १ जुलै २००६पासून लागू झाला. त्यात सहा पदार्थ होते: शिसं, पारा, कॅडमियम, हेक्झाव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप), आणि पीबीबी व पीबीडीई ही ब्रोमीनवाली दोन आगरोधक रसायनं. २०११ साली नवा निर्देश आला आणि रोह्स थेट सीई मार्किंगशी (युरोपात माल विकायला लागणाऱ्या चिन्हाशी) जोडला गेला. २२ जुलै २०१९पासून डीईएचपी, बीबीपी, डीबीपी आणि डीआयबीपी हे चार थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारी रसायनं) त्यात आले. म्हणजे आता एकूण दहा. मर्यादा वजनाच्या ०.१ टक्का, फक्त कॅडमियमला ०.०१ टक्का.

आपल्याकडे २०११च्या ई-कचरा नियमांत हे बंधन आलं आणि १ मे २०१४पासून अंमलात आलं. सध्या लागू आहेत ते २०२२चे नियम, १ एप्रिल २०२३पासून. त्यांच्या यादीत १०६ प्रकारची उपकरणं आहेत, आणि पदार्थ मूळचे सहाच, थॅलेट नाहीत. सूक्ष्म उद्योगांना या नियमांतून वगळलं आहे, म्हणून बरेच गाळेवाले ‘आपल्याला काय त्याचं’ म्हणतात. पण तुमचं कार्ड ज्याच्या दिव्यात बसतं तो मोठा असेल तर तो हे बंधन तुमच्याच गळ्यात टाकणार, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. त्यामुळे हा सगळा खटाटोप एका परदेशी गिऱ्हाइकापुरता आहे असं समजू नका.

कायद्यातली खरी मेख ‘०.१ टक्का कशाचा?’ या प्रश्नात आहे. पूर्ण कार्डाच्या वजनाचा नाही, सुट्या भागाचाही नाही. कापून, खरवडून, घासून ज्याचे आणखी वेगळे भाग करता येत नाहीत अशा प्रत्येक एकसंध पदार्थाचा. हीटसिंक आवळायला वापरता तो पिवळसर झाक असलेला एम-३ स्क्रू हातात घ्या. आत पोलाद आहे, त्यावर जस्ताचा मुलामा, आणि त्यावर गंज अडवणारा पॅसिव्हेशनचा अतिशय पातळ थर. जुन्या पद्धतीच्या पिवळ्या पॅसिव्हेशनमध्ये हेक्झाव्हॅलंट क्रोमियम असतं. स्क्रूच्या वजनाच्या हिशेबात ते नगण्य, पण कायदा तो थर वेगळा धरतो आणि त्या थराच्या हिशेबात माल सपशेल नापास. नागदेवी स्ट्रीटवरून किलोवर आणलेल्या स्क्रूंच्या थैलीत कुठला पॅसिव्हेशन आहे हे दुकानदारालाही ठाऊक नसतं. बरं, रंगावरूनही खात्री होत नाही, कारण ट्रायव्हॅलंट (यादीत नसलेल्या क्रोमियमच्या) पॅसिव्हेशनलाही पिवळा रंग देतात. त्यामुळे प्लेटिंगवाल्याकडून ‘ट्रायव्हॅलंट’ असं लेखी घ्यायचं आणि पहिल्या लॉटची चाचणी करायची. उकळत्या पाण्यात नमुना ठेवून डायफेनिलकार्बाझाइडने तपासतात. जांभळट गुलाबी रंग आला तर हेक्झाव्हॅलंट आहे. चाचणी महाग नाही, आणि स्क्रू बदलणं तर त्याहून स्वस्त.

स्क्रूइतकीच दगाबाज पीव्हीसी वायर. यात दोन वेगळे धोके आहेत. पीव्हीसीला उष्णता सोसावी म्हणून आपल्याकडे वर्षानुवर्षं शिशाचे स्टॅबिलायझर वापरले गेले. आणि वायर मऊ राहावी म्हणून जो प्लास्टिसायझर घालतात, तो स्वस्तातला असला तर बहुतेक डीईएचपी. लवचिक पीव्हीसीत प्लास्टिसायझरचं प्रमाण वजनाच्या पाव ते एक तृतीयांश सहज असतं, त्यामुळे ०.१ टक्क्याच्या मर्यादेपुढे इथे थोडक्यात पास-नापास असा प्रकारच नाही: एक तर तो कंपाउंड (प्लास्टिकचं मिश्रण) वापरला आहे, नाही तर नाही. लोहार चाळीतून आणलेल्या वायरच्या बंडलावर ‘रोह्स’ छापलेलं असलं तरी कंपाउंड कुणाचा, कुठल्या तारखेचा आणि रीग्राइंड (दळलेलं जुनं प्लास्टिक) मिसळलेला आहे का, हे तीन प्रश्न विचाराच. रीग्राइंडबद्दल माझं मत पक्कं आहे. काळं स्वस्त प्लास्टिक जुन्या टीव्हीच्या कॅबिनेटपासून बनलेलं असू शकतं, आणि जुन्या कॅबिनेटमध्ये पीबीडीई असायचं. निर्यातीच्या मालात त्याला जागा नाही.

थॅलेटची आणखी एक खोड माहीत हवी. ते एका प्लास्टिकमधून शेजारच्या प्लास्टिकमध्ये सरकतात. चांगली वायर महिनोन्महिने मऊ पीव्हीसीच्या पिशवीत दाबून ठेवली तर पिशवीतला थॅलेट वायरच्या आवरणात उतरू शकतो. पॉलिथिनची पिशवी वापरा, रॅकवरचं मऊ पीव्हीसी शीट काढा.

पितळी टर्मिनलवर मात्र घाबरून जाऊ नका. तांब्याच्या मिश्रधातूत ४ टक्क्यांपर्यंत शिसं चालतं अशी सवलत आहे. रेझिस्टरमधली काच, कॅपॅसिटरमधलं सिरॅमिक, ८५ टक्क्यांहून जास्त शिसं असलेला जास्त तापमानाचा सोल्डर यांनाही सवलती आहेत. पण सवलतींना मुदत असते, आणि मुदती व शब्द बदलत राहतात. डिक्लेरेशनवर सवलतीचा क्रमांक लिहिताना त्या दिवशीची यादी उघडून बघायची, मागच्या वर्षीची कॉपी-पेस्ट करायची नाही.

लॅमिंग्टन रोडवरच्या सुट्या पार्टबद्दल सरळ सांगतो. डेव्हलपमेंटसाठी, रिपेअरसाठी तो बाजार म्हणजे मुंबईचं वैभव आहे. पण या ऑर्डरसाठी रीलवर मेकरचा पार्ट नंबर, लॉट आणि डेट कोड नसेल तर तो पार्ट घेऊ नका. लेबल नसलेल्या कापलेल्या टेपच्या तुकड्यामागे कुठलंच कागदपत्र उभं राहत नाही. तुमच्या स्टोअरमध्ये जुन्या ऑर्डरींचे उरलेले आयसी आणि कनेक्टर असतीलच. त्यांच्या पायांवर कथील-शिशाचा मुलामा असू शकतो. ते सगळं एका कपाटात घालून कुलूप लावा, किल्ली एकाच माणसाकडे ठेवा.

तपासणीसाठी एक्सआरएफ (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारं) मशीन चांगलं आहे. हातात धरायचं यंत्र काही सेकंदांत शिसं, कॅडमियम, पारा दाखवतं. पण ते मूलद्रव्य मोजतं, संयुग नाही. ब्रोमीन दिसलं म्हणजे पीबीडीई आहे असं नव्हे, कारण साध्या एफआर-४ पीसीबीतलं (काच-इपॉक्सीच्या कोऱ्या कार्डातलं) ब्रोमीन बहुधा टीबीबीपीए या रसायनाचं असतं आणि ते रोह्सच्या यादीत नाही. क्रोमियम दिसलं म्हणजे हेक्झाव्हॅलंटच असंही नाही, स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असतंच. आणि थॅलेट तर एक्सआरएफला दिसतच नाहीत, त्यासाठी जीसी-एमएस (रसायनं वेगळी करून ओळखणारं यंत्र) लागतं. एक्सआरएफच्या एका पानाच्या रिपोर्टवर ‘दहाही पदार्थ पास’ असं कुणी लिहून देत असेल तर तो रिपोर्ट परत करा. एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली लॅब निवडा, आणि मान्यतेच्या व्याप्तीत आयईसी ६२३२१ (या चाचण्यांचं मानक) आहे का ते बघा. सगळंच तपासायला पैसे पुरणार नाहीत. मऊ पीव्हीसी, काळं प्लास्टिक, मुलामा दिलेले हार्डवेअर आणि सोल्डर पॉट (सोल्डर वितळवायचं भांडं) यांवर खर्च करा. नामांकित मेकरच्या चिप रेझिस्टरला त्याचं स्वतःचं डिक्लेरेशन पुरतं.

आता मशीन. जुना ६३/३७ सोल्डर (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) १८३ अंशांना वितळतो. शिसेमुक्त सॅक ३०५ म्हणजे ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी, अर्धा टक्का तांबं, आणि तो २१७ ते २२० अंशांना वितळतो. रिफ्लोमध्ये जोडाचं तापमान साधारण २३५ ते २४५ अंशांपर्यंत न्यावं लागतं. तुमच्या कार्डावर जड तांबं किंवा मोठे बीजीए (पोटाखाली सोल्डरच्या गोळ्या असलेले आयसी) नसतील तर चार-पाच झोनचं जुनं ओव्हनही बऱ्याचदा पुरतं. विकत घ्यायच्या आधी कार्डावर थर्मोकपल चिकटवून प्रोफाइल (तापमानाचा आलेख) काढा. बेल्टचा वेग कमी करून, झोनचं तापमान वाढवून सर्वांत जड जोड आणि सर्वांत नाजूक पार्ट दोन्ही हद्दीत बसत असतील तर ओव्हन बदलू नका. बसत नसतील तरच मशिनरीवाल्याला फोन करा.

उलट वेव्हच्या पॉटवर पैसे खर्च करावेच लागतील. जवळजवळ निखळ कथील गरम अवस्थेत साध्या स्टेनलेस स्टीलला खातं. पॉट, पंपाचे पंखे, नोझल झिजतात आणि एक दिवस गळतात. टायटॅनियमचे किंवा खास कोटिंगचे भाग हवेत. शिवाय जुना पॉट रिकामा करून त्यात नवा सोल्डर ओतायचा शॉर्टकट अंगाशी येतो. हिशेब करून बघा: २०० किलोच्या पॉटला ०.१ टक्क्याने २०० ग्रॅम शिसं पुरतं, आणि तेवढं शिसं ६३/३७च्या साधारण ५४० ग्रॅममध्ये असतं. पंपाच्या कोपऱ्यांत तेवढा जुना सोल्डर सहज उरतो. १० किलोच्या डिप पॉटला (कार्ड बुडवायच्या छोट्या पॉटला) तर जुन्या सोल्डरचे २७ ग्रॅम पुरे. म्हणून डिप पॉट नवाच घ्या, आणि दोन्ही पॉटचे नमुने ठरावीक काळाने लॅबला पाठवा. त्यात तांब्याचं प्रमाणही कळतं, कारण शिसेमुक्त सोल्डर कार्डावरचं तांबं जास्त विरघळवतो. वेव्हला सॅकऐवजी कथील-तांबं-निकेलचा मिश्रधातू घेतला तर चांदीचा खर्च वाचतो. तो २२७ अंशांना वितळतो आणि साध्या थ्रू-होल कार्डांना चांगला चालतो. मी तुमच्या जागी असतो तर वेव्हला तोच घेतला असता.

तापमान वाढलं की बाकी साहित्यही तपासावं लागतं. पीबीटी प्लास्टिकचा कनेक्टर २२३ अंशांच्या आसपास वितळतो, म्हणजे रिफ्लोमधून जाणारा कनेक्टर एलसीपी किंवा जास्त तापमानाच्या नायलॉनचा हवा. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरची कमाल रिफ्लो मर्यादा डेटाशीटमध्ये बघा. पीसीबीवाल्याला जास्त टीजीचं (जास्त तापमानापर्यंत मऊ न पडणारं) लॅमिनेट मागा आणि फिनिश (पॅडवरचा मुलामा) शिसेमुक्त एचएएसएल (सोल्डरचा) किंवा ईएनआयजी (निकेल-सोन्याचा). ओएसपी (तांब्यावरचा पातळ सेंद्रिय थर) स्वस्त पडतं, पण जून ते सप्टेंबर या महिन्यांत बिनएसीच्या स्टोअरमध्ये त्याचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. इमर्शन सिल्व्हर तर मी नाल्या-खाडीजवळ बसणाऱ्या उपकरणाला सुचवणार नाही. हवेतल्या गंधकाने चांदी काळी पडते आणि खालच्या तांब्याचं सल्फाइड ट्रॅकवर पसरत जातं.

पावसाळ्याचा दुसरा त्रास ओलाव्याचा. आयसीच्या प्लास्टिकमध्ये शोषलेलं पाणी २४० अंशांना वाफ होऊन आवरण फोडतं. जुन्या तापमानाला जे पार्ट निभावून न्यायचे ते आता फुटतात. पाकिटावरचा एमएसएल (ओलावा किती सोसतो त्याचा) आकडा वाचायचा, उघडल्याची वेळ लिहायची, मुदत उलटली तर बेक करायचं. मुंबईत ड्राय कॅबिनेट ही मला गरजेची वस्तू वाटते, आणि ओव्हनपेक्षा आधी तिचे पैसे काढावेत.

क्वालिटीच्या माणसाला आधीच सांगून ठेवा की शिसेमुक्त जोड चमकत नाही, तो मंद आणि थोडा दाणेदार दिसतो. हे सांगितलं नाही तर तो चांगले जोड कोल्ड (नीट न वितळलेले) म्हणून परत तापवायला पाठवेल आणि रिवर्कमध्ये पॅड उखडतील. आयपीसी-ए-६१० या जोड तपासायच्या मानकात दोन्ही प्रकारच्या जोडांचे फोटो आहेत, ते छापून टेबलावर लावा.

देशातला माल शिशाचा आणि निर्यातीचा शिसेमुक्त, अशी दुहेरी लाइन चालवायचा मोह होईल. काही महिने चालवा, कायमची नको. एका गाळ्यात दोन वायर, दोन बिट (आयर्नची टोकं), दोन स्पंज, दोन डिसोल्डर पंप आणि रात्रपाळीचा नवा मुलगा, यांतून चूक होणारच. तोवर रंग ठरवा: हिरव्या टेपचे आयर्न, हिरवे ट्रे, हिरवं टेबल, आणि त्या टेबलावर ६०/४०ची (शिशाच्या सोल्डरची) रीळ दिसली की काम थांबवायचं. रिपेअरच्या टेबलावर जास्त लक्ष ठेवा. घोळ तिथेच होतो.

कागदांबद्दल फार लिहीत नाही. ग्राहकाला डिक्लेरेशन आज सही करून पाठवू नका. बीओएमच्या (सगळ्या पार्टच्या यादीच्या) प्रत्येक ओळीपुढे पुरवठादाराचं डिक्लेरेशन, तारीख, सवलत आणि गरज असेल तिथे टेस्ट रिपोर्ट अशी फाइल आधी बनवा. रचनेसाठी ईएन आयईसी ६३००० हे मानक आहे, आणि युरोपात ही फाइल माल बाजारात आल्यापासून १० वर्षं सांभाळावी लागते. पुरवठादाराने कंपाउंड किंवा प्लेटिंग बदललं तर आधी कळवायचं, ही अट पर्चेस ऑर्डरवर छापून घ्या. जर्मन ग्राहक रीचबद्दलही विचारेल. तो युरोपचा रसायनांबद्दलचा वेगळा कायदा आहे. त्यात शिसं २०१८पासून चिंताजनक पदार्थांच्या यादीत आहे, आणि पितळी टर्मिनलला रोह्सची सवलत असली तरी तिथे शिशाची माहिती द्यावीच लागते.

आता तिसरा प्रश्न. रोह्स हा तयार मालाचा कायदा आहे. मालात जे उरत नाही त्याच्याकडे तो बघत नाही. लाइनवर बसणारी मुलगी दिवसभर ज्या हवेत श्वास घेते तिचं मोजमाप या दहा पदार्थांत कुठेच नाही.

शिसं गेल्याने फायदा होतो, यात शंका नाही. पण शिसं अंगात कसं जातं ते समजून घ्या. सोल्डरिंगच्या तापमानाला शिशाची वाफ होत नाही, त्याचा उत्कलनबिंदू १७४९ अंश आहे. ते हातावाटे तोंडात जातं, आणि पॉटवरचा ड्रॉस (वर साचणारी मळी) काढताना उडणाऱ्या धुळीतून नाकात. शिशाचं काम चालू आहे तोवर टेबलावर चहा-डबा बंद, जेवणाआधी साबणाने हात, ड्रॉस काढणाऱ्याला मास्क आणि झाकणाचा डबा. कपडे गाळ्यातच बदलावेत, कारण ती धूळ घरी लहान मुलांपर्यंत जाते, आणि शिशाचा सर्वांत जास्त त्रास मुलांच्या मेंदूला होतो. ड्रॉस भंगारवाल्याला देऊ नका. तो कुर्ल्या-साकीनाक्याकडच्या एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये उघड्यावर वितळवला जाण्याची भीती असते. अधिकृत रिसायकलर त्यातल्या धातूचे पैसे देतो आणि पावतीही.

सोल्डरिंगचा जो पांढरा धूर दिसतो तो फ्लक्सचा, म्हणजे जोड नीट बसावा म्हणून लावतात त्या रोझिनसारख्या पदार्थाचा. रोझिनच्या धुराने दमा होतो हे व्यावसायिक आरोग्यात कधीच मान्य झालेलं आहे. शिसेमुक्त काम जास्त गरम आणि फ्लक्स जास्त तीव्र, म्हणजे धुराचा त्रास कमी न होता वाढूही शकतो. टेबल फॅन धूर फक्त शेजारणीच्या तोंडावर ढकलतो. प्रत्येक जागेवर बिटपासून वीतभर अंतरावर ओढून घेणारं तोंड हवं. कुणाला सोमवारी खोकला सुरू होतो आणि रविवारी बरं वाटतं असं असेल तर तिला डॉक्टरकडे पाठवा आणि जागा बदला. वाट पाहू नका.

आणि सफाईची रसायनं. चीनमधल्या सुझोऊच्या विनटेक कारखान्यात टच स्क्रीन पुसायला अल्कोहोलऐवजी एन-हेक्झेन वापरलं, कारण ते लवकर सुकतं. कामगारांच्या हातापायांच्या नसा निकामी होऊ लागल्या. ॲपलने २०११च्या अहवालात १३७ जण बाधित झाल्याचं मान्य केलं. एन-हेक्झेन रोह्सच्या यादीत नाही, तेव्हाही नव्हतं. तुमच्याकडे मशीद बंदरहून येणाऱ्या ‘थिनर’च्या कॅनमध्ये नेमकं काय आहे ते विक्रेत्याकडून सेफ्टी डेटा शीट मागून बघा. शीट मिळत नसेल तर कॅन परत करा. त्यात एन-हेक्झेन, ट्रायक्लोरोइथिलीन किंवा एन-प्रोपिल ब्रोमाइड असेल तर ते आजपासून बंद. शक्य तिथे नो-क्लीन फ्लक्स वापरा म्हणजे धुण्याचं कामच उरत नाही, आणि धुवावं लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, झाकणाच्या छोट्या डिस्पेन्सरमधून, आयर्नपासून दूर. धूर ओढणाऱ्या पाइपचं तोंड गाळ्याच्या पॅसेजमध्ये उघडू नका, तिथे शेजारच्या युनिटची माणसं बसलेली असतात. गच्चीवर न्या, आणि तशी सोय नसेल तर कार्बन फिल्टरचं युनिट घेऊन फिल्टर बदलल्याची तारीख त्यावरच लिहीत जा.